वत्सलाताईंनी न लिहिलेला शब्द

फोन शुभांगीचा होता. "सर, मावशी गेली," ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत घाईघाईने पुढचं सांगू लागली, "बोलत होती हो... पेपर वाचत बसली होती. 'दुरुस्ती' शब्द चुकीचा छापलाय बघ म्हणाली, पेन दे म्हणाली. मी पेन घेऊन आले तर..." मी खुर्चीत बसलो. स्वयंपाकघरातून हमीदाने, माझ्या बायकोने, काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "वत्सलाताई गेल्या. पण सगळे शब्द शाबूत घेऊन गेल्या." हमीदाने कपाळाला हात लावून डोळे मिटले आणि म्हणाली, "अल्लाचे उपकार." या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. दुःख नंतर आलं, ते अजून आहे. पण त्या सकाळी आम्हा दोघांना आधी हायसं वाटलं, हे खरं. ते का, हे सांगायचं तर वत्सलाताई कोण होत्या आणि त्यांना शेवटची दोन वर्षं कशाची भीती वाटत होती, इथपासून सुरुवात करावी लागेल.

वत्सला गांगुर्डे हे नाव नाशिकमध्ये फार लोकांना माहीत असण्याचं कारण नाही. इटालियन भाषेतले कागद इंग्रजीत करून देणं हा त्यांचा व्यवसाय. वडील नाशिकरोडला सरकारी कचेरीत शिपाई, आई घरकाम सांभाळून शिवणकाम करायची, आणि ही मुलगी टायपिंगची परीक्षा देऊन सातपूरच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. तिथे पुड्या भरायची यंत्रं इटलीहून आली होती आणि ती बसवायला एक इटालियन फिटर आला होता. त्याचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला 'पाहुणे' म्हणत. पाहुणे काम चालू असताना सारखे ओरडायचे, "पियानो! पियानो!" फोरमन चक्रावला. या माणसाला करमत नाही, वाजवायला पेटी हवी आहे, अशी बातमी कारखानाभर झाली. एका सद्गृहस्थांनी तर देवळातली पेटी मागून आणायची तयारी दाखवली. वत्सलाताई दोन दिवस दारात उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोरमनला सांगितलं, "साहेब, तो वाजवायचं बोलत नाहीये. तो ओरडला की त्याचाच हात हळू होतो. 'हळू' म्हणतोय तो." हे त्यांचं पहिलं भाषांतर. पुढे त्या शनिवारी एसटीने पुण्याला जाऊन इटालियन शिकल्या, परीक्षा दिल्या, कारखान्याची सगळी यंत्रपुस्तकं त्यांनीच केली, आणि नोकरी सोडल्यावर आमच्याकडच्या वाइनवाल्यांच्या यंत्रांची पुस्तकं, मग हळूहळू लोकांचे जन्माचे, लग्नाचे, कोर्टाचे कागद त्यांच्याकडे येऊ लागले. लग्न केलं नाही. "राहून गेलं" एवढंच सांगायच्या, आणि विषय बदलायच्या.

माझी त्यांची ओळख एका 'द'वरून झाली. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. एक बाई, सुती साडी, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी, स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाल्या, "शेख सर आपणच ना? या वाक्यात 'द' लागेल का 'अ'?" मी म्हटलं, 'द'. "का?" मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "पटलं नाही." तिथून जी वादावादी सुरू झाली ती वीसेक वर्षं चालली. इटालियन त्यांचं, इंग्रजी माझं. त्या केलेलं पान मोठ्याने वाचायच्या, मी डोळे मिटून ऐकायचो, आणि जिथे कान अडखळला तिथे हात वर करायचो. इटालियनचं एक अक्षरही मला येत नाही. पण एखादा शब्द त्यांना छळत असला की त्यांच्या आवाजावरून मला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूचा पहिला झटका आला. अगदी लहान. हातपाय ठीक होते, चेहरा ठीक होता. फक्त एक दिवस जेवताना त्यांनी शुभांगीला "ते दे" म्हटलं, आणि 'ते' म्हणजे काय हे त्यांना सांगता येईना. ताटाजवळ ठेवायचा चमचा. चमचा हा शब्दच सापडेना. शुभांगी ही त्यांच्या बहिणीची मुलगी, त्यांच्याच घरी राहून नोकरी करणारी. ती घाबरून मला बोलवायला आली. मी पोहोचलो तोवर शब्द परत आला होता, पण वत्सलाताईंच्या चेहऱ्याचा रंग परतला नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा येऊ शकतो, आणि आला तर भाषेवरच येईल. त्या दिवसापासून मरणाबद्दल त्या चेष्टेने बोलायच्या, पण याबद्दल एकदाच बोलल्या, माझ्याशी, जिना उतरताना. "सर, आधी इटालियन जाईल. मग इंग्रजी. मराठी शेवटी जाईल म्हणतात... पण जाईल. मग मी बसून राहीन, आणि तुम्ही येऊन माझ्याशी बोलाल, आणि मी नुसती बघेन. त्याच्या आधी सुटले तर बरं." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवीन काम घेणं मात्र त्यांनी बंद केलं. शब्द निसटत असताना लोकांचे कागद हातात घेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं.

आणि तरीही रूपालीचं काम त्यांनी घेतलं.

रूपाली नामपूरची. वडिलांचं तिथे खत-बियाण्यांचं दुकान. मुलगी नाशिकला नर्सिंग शिकली, इटालियन शिकून इटलीला गेली आणि तिथल्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली. तिसऱ्या वर्षी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, तिच्या पाळीत एक आजोबा दगावले. तिकडच्या रीतीप्रमाणे त्या वेळी कामावर असलेल्या सगळ्यांची नावं चौकशीत गेली, तिचंही. वर्षभराने न्यायाधीशाचा आदेश निघाला, वकिलाने फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितलं, आणि ती कागद घेऊन घरी परत आली. त्यानंतर तिने आयर्लंडमध्ये नोकरीसाठी अर्ज केला. तुमच्यावर कधी कारवाई झाली होती का, या प्रश्नाला तिने खरं उत्तर दिलं आणि आदेशाचं इंग्रजी भाषांतर जोडलं. ते मुंबईत कुणीतरी करून दिलं होतं. त्यात लिहिलं होतं : आरोपीविरुद्धचा खटला 'आर्काइव्ह' करण्यात आला आहे. तिकडून साहजिकच विचारणा आली. 'आर्काइव्ह' म्हणजे काय? खटला प्रलंबित आहे का? पुन्हा सुरू होणार आहे का?

ती आणि तिचे वडील वत्सलाताईंच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. रूपाली तिशीची, पण खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली, परीक्षेला आलेल्यासारखी. वत्सलाताईंनी मूळ कागद हातात घेतला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "आर्किव्हियात्सियोने," त्या म्हणाल्या. "त्यांनी अक्षराला अक्षर लावलंय. कपाटात ठेवणं. पण हा कपाटाचा शब्द नाही, हा निकालाचा शब्द आहे."

"म्हणजे निर्दोषच ना?" वडिलांनी विचारलं. "मग तसं लिहा ना ताई. निर्दोष सुटली, एवढंच लिहा. पोरनी जिंदगीना सवाल शे."

"ते मी लिहिणार नाही."

मलाही ते उत्तर कठोर वाटलं. त्या मुलीला त्या एका शब्दाने नोकरी मिळणार होती, आणि तो शब्द तसा खोटाही नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं. वडील उठले. "मग आम्ही दुसरीकडून करून घेतो," म्हणाले. रागाने नाही, थकून.

"जरूर घ्या," वत्सलाताई म्हणाल्या. "पण आधी बसा. तिकडे दोन शब्द आहेत. एक इंदागाता. म्हणजे जिचं नाव चौकशीत आहे ती. दुसरा इम्पुताता. म्हणजे जिच्यावर आरोप ठेवला ती. तुमच्या मुलीसाठी या कागदात सगळीकडे पहिला शब्द आहे. दुसरा एकदाही नाही. मुंबईवाल्यांनी तिला आरोपी करून टाकली, आणि आता तुम्ही म्हणता निर्दोष सोडवा. अहो, खटला उभाच राहिला नाही. आरोपच नव्हता, तर सुटका कशातून करू?"

वडील उभेच होते. रूपाली मात्र पहिल्यांदा मागे टेकून बसली. "मला वाटत होतं," ती हळूच म्हणाली, "फाइल ठेवून दिलीय. कधीतरी काढतील."

"तू हे आतलं वाचलं नाहीस?"

तिने मान हलवली. इटालियन येत असून तिने पहिल्या पानापुढे एक ओळ वाचली नव्हती. हिंमतच झाली नाही म्हणाली. घरीही काय झालं ते कुणाला सांगितलं नव्हतं, एक पेशंट वारला आणि चौकशी झाली, एवढंच.

मग वत्सलाताईंनी चष्मा पुसला आणि न्यायाधीशाने लिहिलेली कारणं मराठीत वाचायला सुरुवात केली. सरळ कागदावरून, थांबत थांबत. जेवणाची खोली. इतके वृद्ध, इतक्या परिचारिका. "त्या वेळी सदर परिचारिका शेजारच्या टेबलावर दुसऱ्या व्यक्तीला भरवत होती. संबंधित गृहस्थांना अचानक..." आणि त्या थांबल्या. पुढचा इटालियन शब्द त्यांनी ओठातल्या ओठात म्हटला. मग पुन्हा म्हटला. मराठी शब्द येईना. त्यांचा हात गळ्याशी गेला. मला एकदम चमच्याची आठवण झाली. मला तर तो इटालियन शब्दच कळत नव्हता, मी काय मदत करणार? त्यांच्या डोळ्यांत मी ती भीती स्पष्ट पाहिली.

"घास अडकला," रूपाली म्हणाली. "त्यांच्या घशात घास अडकला, ताई."

"हां," वत्सलाताई म्हणाल्या. "घास अडकला. पुढे?"

आणि पुढचं रूपालीने सांगितलं. वत्सलाताई एक ओळ वाचायच्या, रूपाली त्यातलं जे झालं ते सांगायची. ती धावत गेली. पाठीत थापा मारल्या. मागून धरून पोट दाबलं. दुसरीला अँब्युलन्सला फोन करायला लावला. आजोबांचा श्वास थांबला तेव्हा त्यांना जमिनीवर निजवून छाती दाबत राहिली, अँब्युलन्स येईपर्यंत, हात सुजले तरी. न्यायाधीशाने लिहिलं होतं की जे करायला हवं होतं ते सगळं, योग्य क्रमाने आणि वेळ न दवडता करण्यात आलं, आणि हलगर्जीपणाच्या संशयाला आधार नाही. ते वाक्य वत्सलाताईंनी दोनदा वाचलं. वडील केव्हा खाली बसले ते मला कळलं नाही. मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू माले हाई काबर नही सांगं, माय?" हे मला का नाही सांगितलंस... रूपाली तेव्हा रडली. आधी एवढ्या वेळात रडली नव्हती.

तिने डोळे पुसल्यावर वत्सलाताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, ही तरी त्या गाळतील. "हे बघ, अशा आदेशानंतर नवा पुरावा आला तर चौकशी पुन्हा उघडता येते. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही."

रूपालीचा चेहरा उतरला. "म्हणजे कायम डोक्यावर..."

"नवा पुरावा आला तर चौकशी कुणाचीही होते गं. माझी होईल, या शेख सरांची होईल. तेवढ्यापुरती तू आता आमच्यासारखीच आहेस."

ती हसली. वडिलांनी दुसरीकडे जायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

त्यानंतर आमचं खरं भांडण सुरू झालं, इंग्रजी शब्दाचं. 'अक्विटेड', म्हणजे निर्दोष सुटली, हा तर बाद झालाच होता. मी 'डिस्मिस्ड' सुचवला, कायद्यात चालतो. वत्सलाताई म्हणाल्या, "नोकरीच्या अर्जात? वाचणाऱ्याला वाटेल हिला कामावरून काढलं." मी 'डिस्चार्ज्ड' म्हटलं, तर रूपालीच म्हणाली, "सर, तो आम्ही पेशंटला देतो." 'ड्रॉप्ड' म्हटलं तर त्यांना तो हातातून कप पडल्यासारखा वाटला. दोन-तीन दिवस त्या शब्दावरून आम्ही फोनवर एकमेकांचं डोकं खाल्लं. हमीदाने शेवटी वैतागून विचारलं की तुम्ही दोघं मिळून एक साधा शब्द शोधू शकत नाही का. मी तेच त्यांना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "एक कशाला? एकाचे चार होऊ देत. इटालियनला एका शब्दात जमलं म्हणून इंग्रजीला जमलंच पाहिजे असं कुठंय?" मग त्यांनी सरळ लिहिलं की प्राथमिक चौकशीअंती, कोणताही आरोप न ठेवता, न्यायाधीशांच्या आदेशाने प्रकरण बंद करण्यात आलं. 'आरोपी'च्या जागी, चौकशीत नाव असलेली व्यक्ती. खाली तळटीप दिली : मूळ शब्दाचा अर्थ प्रकरण स्थगित किंवा प्रलंबित आहे असा होत नाही, आणि या व्यक्तीवर कधीही खटला चाललेला नाही. त्यांनी ते मला वाचून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं. हात वर करायची वेळ एकदाही आली नाही. सही करताना त्यांनी नाव हळूहळू, सुटं सुटं लिहिलं, शाळेतल्या मुलीसारखं.

त्या पहिल्या दिवशी रूपाली आणि तिचे वडील निघून गेल्यावर मी वत्सलाताईंना विचारलं होतं, "तो शब्द तुम्हाला खरंच आठवला नाही? का तिला बोलतं करायचं होतं?"

"खरंच नाही आठवला हो," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण बरंच झालं की नाही? मला आठवला असता तर तिला म्हणावा लागला नसता." त्या दिवसानंतर त्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण ती सैल झाली. शब्द अडला की त्या आधीसारख्या पांढऱ्या पडायच्या नाहीत. समोरच्याकडे बघायच्या आणि हात पुढे करायच्या, भाजी घेताना करतो तसा. समोरचा शब्द द्यायचा. कधी चुकीचा दिला तर "हा नको, ताजा दे" म्हणायच्या.

रूपालीच्या अर्जाला आयर्लंडहून उत्तर यायला बराच काळ गेला. आलं ते दोन ओळींचं. स्पष्टीकरण मिळालं, समाधानकारक आहे, अर्ज पुढे जात आहे. ती पेढे घेऊन आली, सोबत आईलाही आणलं होतं. तोवर वत्सलाताईंना दुसरा झटका येऊन गेला होता, तोही लहान, आणि त्या दिवशी त्या बऱ्याच थकलेल्या होत्या. आई पाया पडायला वाकल्यावर त्यांनी तिला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "मी काही केलं नाही हो. लिहिलं होतं तेच लिहिलं." मग मला म्हणाल्या, "सर, हे शेवटचं. आता दुकान बंद." आणि पेढा अर्धा करून अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्या संध्याकाळी मी घरी आलो तो मोकळा होऊन. त्यांचं शेवटचं काम पुरं झालं होतं आणि ते पुरं झाल्याचं त्यांना कळलं होतं. असं किती जणांच्या वाट्याला येतं?

पुढचे काही महिने त्यांनी शांतपणे काढले. दर वेळी जाताना माझ्या मनात धास्ती असायची, आज त्या माझ्याकडे नुसत्या बघतील. एकदाही तसं झालं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्या बुशशर्टच्या रंगाला नावं ठेवली आणि 'बुशशर्ट' या शब्दाची व्युत्पत्ती विचारली. मला सांगता आली नाही. आणि मग ती सकाळ, तो पेपर, तो चुकलेला 'दुरुस्ती'. ज्या दाराची त्यांना भीती होती त्या दाराने त्यांना जावं लागलं नाही. म्हणून हायसं वाटलं.

परवा मी शुभांगीकडे गेलो. पुस्तकं, शब्दकोश कुणाला द्यायचे ते ठरवायचं होतं. ती म्हणाली, "आधी पोहे खा, मग बघू." मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल ओढून बसलो. त्या स्वयंपाकघरात मी याआधी कधी शिरलो नव्हतो, आमचा सगळा संसार बाहेरच्या टेबलावरचा. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, वत्सलाताईंच्या अक्षरात, एकाखाली एक तीन शब्द. साखर, शुगर, झुक्केरो. तांदूळ, राइस, रीझो. पहिल्या झटक्यानंतर रोज सकाळी चहा करताना त्या हे डबे वाचायच्या, शुभांगीने सांगितलं. एकही चुकला नाही की मग चहा. पोह्यांच्या डब्यावर मात्र दोनच शब्द होते आणि तिसऱ्या जागी एक रेघ. "इटलीत पोहे नाहीत म्हणाली. उगाच काहीतरी लिहायचं नाही म्हणाली."

"पट्ट्या काढणार?" मी विचारलं.

"कशाला? मला पाठ झाल्यात सगळ्या." तिने बशी माझ्या हातात दिली, दोन घास खाऊ दिले, आणि कढईकडे वळून विचारलं, "सर, साले जास्त झालंय का?"

मी चमकून वर पाहिलं. तिने मिठाच्या डब्याकडे बोट केलं. मीठ, सॉल्ट, साले. "आमच्या घरात असंच म्हणतात," ती म्हणाली. "भांडी घासायला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी रागावून निघाल्याच होत्या."

मी हसलो. त्या गेल्यापासून पहिल्यांदा, घशात पोहे असताना, ठसका लागेपर्यंत हसलो. शुभांगीने पाणी दिलं आणि तीही हसत सुटली.

"नाही," मी म्हटलं, "बेताचं आहे."